‘पेठ’मधला ‘ठ’ पुन्हा पुन्हा का गळतो? इंटरप्रिटरमधील सामायिक स्ट्रिंग-कोडचे समस्या निवारण

सी भाषेत लिहिलेला एक छोटा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम) आम्ही दोघे कोल्हापुरात गेली काही वर्षे सांभाळत आहोत. धान्य, गूळ आणि किराणा यांच्या दुकानांतील बिले, दरपत्रके आणि मालाच्या नोंदी तयार करणाऱ्या लहान स्क्रिप्ट त्यावर चालतात. या इंटरप्रिटरमधील एक दोष आम्ही तीनदा दुरुस्त केला आणि तिन्ही वेळा तो परतला. चौथ्या वेळी त्याचे मूळ सापडले. स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची साखळी, हाताळणारा कोड अनेक प्रकारांसाठी सामायिक ठेवणाऱ्या कोणत्याही मराठी प्रोग्रॅमरला ही अडचण येऊ शकते, म्हणून तिची लक्षणे, कारण आणि उपाय येथे सविस्तर लिहीत आहे.

लक्षण

पत्त्याची ओळ ‘शिवाजी पेठ’ अशी असेल तर छापील बिलावर ‘शिवाजी पे’ एवढेच उमटत असे आणि त्यापुढे शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसत असे. त्याच बिलावरील मालाची नावे, वजने आणि रकमा बिनचूक असत. तीच फाइल आणि तीच स्क्रिप्ट आमच्या टेबलावरील संगणकावर चालवली तर पत्ता पूर्ण येत असे, त्यामुळे सुरुवातीला आम्ही प्रिंटर आणि फॉन्ट यांच्यातच कारण शोधत राहिलो.

खरा धागा लक्ष्मीपुरीतील एका धान्य व्यापाऱ्याने हाती दिला. ते फोनवर म्हणाले, “साहेब, पेठेतल्या गिऱ्हाइकांचीच बिलं तेवढी बिघडत्यात, पुरीतल्यांची नीट येत्यात.” आम्ही जुनी बिले काढून तपासली, तेव्हा त्यांचे निरीक्षण तंतोतंत खरे निघाले. शाहूपुरी, राजारामपुरी आणि लक्ष्मीपुरी येथील एकाही ग्राहकाचा पत्ता तुटलेला नव्हता. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ आणि शिवाजी पेठ येथील पत्ते मात्र तुटले होते, आणि त्यांतही ज्यांच्या ओळीत पेठेच्या नावानंतर ‘कोल्हापूर’ असे लिहिलेले होते ते सुरक्षित राहिले होते. म्हणजे ओळीच्या अगदी शेवटी ‘ठ’ असेल तरच तो गळत होता. मग दरपत्रकांकडे वळलो, तर तेथे ‘मीठ’ आणि ‘पीठ’ यांचीही तीच गत झालेली होती.

बाइट मोजून पाहिल्यावर

अशा वेळी पडद्यावर काय दिसते यावर विसंबू नये, बाइटचे, म्हणजे फाइलमधील ० ते २५५ या किमतींचे, आकडे छापून पाहावेत. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या मुख्य विभागातील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यांतील पहिला बाइट नेहमी २२४ असतो. ‘पेठ’ या शब्दाचे बाइट असे आहेत: ‘प’ म्हणजे २२४, १६४, १७०, एकाराची मात्रा म्हणजे २२४, १६५, १३५, आणि ‘ठ’ म्हणजे २२४, १६४, १६०. एकूण ९ बाइट व्हायला हवेत. बिघडलेल्या बिलाच्या फाइलमध्ये ८ होते. शेवटचा १६० नाहीसा झाला होता आणि २२४, १६४ हे दोन बाइट तिसऱ्याची वाट पाहत अधांतरी राहिले होते. प्रश्नचिन्ह उमटत होते ते या अपुऱ्या तुकड्याचे.

आता १६० या आकड्याचे दुसरे रूप पाहू. युनिकोड या सर्व लिपींच्या चिन्हयादीत १६० या क्रमांकाचा कोडपॉइंट (यादीतील चिन्हाचा क्रमांक) म्हणजे न तुटणारी स्पेस, म्हणजे जिच्या जागी ओळ मोडू नये अशी रिकामी जागा. युनिकोडच्या नियमाप्रमाणे ती व्हाइटस्पेसमध्ये, म्हणजे रिकामी जागा दाखवणाऱ्या चिन्हांत, मोडते, आणि १३३ क्रमांकाचे ‘पुढील ओळ’ हे नियंत्रण-चिन्हही त्यातच मोडते. आमचे स्ट्रिप हे फंक्शन ओळीच्या टोकांवरील व्हाइटस्पेस काढून टाकते. स्क्रिप्ट फाइलमधून ओळ बाइटच्या रूपात वाचत होती, आधी स्ट्रिप करत होती आणि मग तिचे टेक्स्टमध्ये रूपांतर करत होती. स्ट्रिपने ओळीच्या शेवटचे ‘नवी ओळ’ हे चिन्ह काढले, त्यामागे उभा असलेला १६० पाहिला, त्याला स्पेस समजून तोही काढला आणि १६४ पाशी येऊन ते थांबले.

ही चूक कोडमध्ये शिरली कशी

आमच्या इंटरप्रिटरमध्ये स्ट्रिंगसारखे दोन प्रकार आहेत. ‘बाइट्स’ हा प्रकार फाइलमधून आलेले कच्चे बाइट जसेच्या तसे ठेवतो. ‘टेक्स्ट’ हा प्रकार कोडपॉइंट ठेवतो, आणि त्यातील सर्वांत मोठा कोडपॉइंट किती आहे हे पाहून प्रत्येकासाठी १, २ किंवा ४ बाइटची जागा वापरतो. ही पद्धत पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.३ या आवृत्तीत २०१२ साली आली आणि आम्ही ती तेथूनच उचलली. मराठी मजकूर यात २ बाइटच्या रूपात बसतो, त्यामुळे टेक्स्टमध्ये ‘पेठ’ म्हणजे ३ एकके (येथे कोडपॉइंट) आणि ६ बाइट.

सुरुवातीला या दोन प्रकारांसाठी शोधणे, बदलणे, तोडणे आणि कडा साफ करणे यांचा कोड दोन स्वतंत्र फाइलींत होता. एक फाइल लिहून झाल्यावर तिचीच नक्कल करून दुसरी केली होती. अशा नकलांचे जे होते तेच झाले. रिकामी स्ट्रिंग शोधून तिच्या जागी दुसरे काही घालायला सांगितले की ‘बदला’ हे फंक्शन अखंड फिरत राहत होते. आम्ही ते टेक्स्टच्या फाइलमध्ये सुधारले आणि बाइट्सच्या फाइलमध्ये सुधारायचे राहून गेले. असे दोन-तीनदा घडल्यावर आम्ही दोन्ही फाइलींचा कोड एकत्र केला. तो निर्णय योग्य होता आणि आजही मी त्याच्याच बाजूने आहे. मात्र एकत्र करताना टेक्स्टची फाइल अधिक सुधारलेली असल्यामुळे तिचाच कोड पाया म्हणून घेतला, आणि त्या कोडच्या पोटात ‘व्हाइटस्पेस कशाला म्हणायचे’ हा टेक्स्टचा नियमही बाइट्सकडे आला. कोडपॉइंट १६० आणि बाइट १६० यांची किंमत एक असली तरी अर्थ वेगळे आहेत. सामायिक कोडला हा फरक दिसत नव्हता, कारण त्याच्यासमोर दोन्ही वेळा एक बाइट रुंदीचा आकडाच येत होता.

तीन दुरुस्त्या आणि तीन पुनरागमने

पहिल्या तक्रारीनंतर आम्ही सामायिक तपासणीतून १३३ आणि १६० हे दोन आकडे काढून टाकले. पेठांचे पत्ते सुधारले. काही आठवड्यांनी दुसऱ्या दुकानातून तक्रार आली की मालाच्या यादीत ‘गूळ’ दोनदा दिसतो आणि दोन्हीकडे वेगवेगळा साठा आहे. ती नावे एका वेबपानावरून उचलून चिकटवलेली होती आणि त्यांतील एका ‘गूळ’च्या मागे न तुटणारी स्पेस होती. डोळ्यांना ती दिसत नाही, पण तुलना करताना दोन नावे वेगळी ठरतात. टेक्स्टच्या बाबतीत ही तक्रार रास्त होती, म्हणून १६० परत घातला. ‘ठ’ पुन्हा गळू लागला.

दुसरी दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये झाली: आधी टेक्स्टमध्ये रूपांतर करा, मग स्ट्रिप करा. हा सल्ला चांगलाच आहे आणि आम्ही तो आजही देतो, परंतु इंटरप्रिटरमधील दोष लपवण्यासाठी तो पुरेसा नाही. प्रत्येक नवी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तो आठवेलच असे नाही, आणि तसेच झाले.

तिसऱ्या दुरुस्तीने आम्हाला सर्वांत जास्त फसवले, म्हणून तिच्याविषयी थोडे थांबून सांगतो. दोष आमच्या टेबलावर का दिसत नाही, हे तोवर कोणालाच कळलेले नव्हते. कारण सी भाषेतील ‘कॅर’ या एक बाइट साठवणाऱ्या प्रकारात दडलेले होते. हा प्रकार चिन्हासहित (उणे किमतीही घेणारा) धरायचा की चिन्हरहित (फक्त शून्य आणि अधिक किमती घेणारा), हे भाषा ठरवून देत नाही. ते कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आणि यंत्र यांच्यावर सोडलेले आहे. आमचे संगणक इंटेल जातीच्या प्रोसेसरचे, आणि तेथे लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर ‘कॅर’ चिन्हासहित धरतो. दुकानांत बसवलेली छोटी यंत्रे रास्पबेरी पाय, म्हणजे एआरएम प्रोसेसरची, आणि तेथे लिनक्सवर तोच कंपायलर ‘कॅर’ चिन्हरहित धरतो. आमच्या बाइट्स प्रकाराचा साठा साध्या ‘कॅर’चा होता. त्यामुळे टेबलावर १६० हा बाइट वाचला की त्याची किंमत उणे ९६ होत होती आणि ३२ बिटांच्या चिन्हरहित संख्येत गेल्यावर ४२९४९६७२०० होत होती. अशा क्रमांकाची स्पेस कोठेच नसल्यामुळे ‘ठ’ शाबूत राहत होता. दुकानात तोच बाइट १६० म्हणून वाचला जात होता आणि कापला जात होता. आमच्या यंत्रावर कोड बरोबर नव्हता, तेथे एका चुकीने दुसरी चूक झाकली होती.

हे कळल्यावर आम्ही दुकानांसाठीचा इंटरप्रिटर कंपाइल करताना ‘कॅर’ चिन्हासहित धरण्याचा पर्याय कंपायलरला दिला आणि प्रश्न मिटला असे समजलो. पुढे कंपाइल करण्याचे यंत्र बदलले, तो पर्याय नव्या यंत्रावर द्यायचा राहिला आणि पेठांच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. त्या पर्यायाचा दुसराही धोका होता. एखादा तक्ता बाइटच्या किमतीने वाचताना ती किंमत ऋण असेल तर तक्त्याच्या आधीची मेमरी वाचली जाते, आणि तेथे काय असेल याचा भरवसा नाही. ॲपलच्या एआरएम यंत्रांवर ‘कॅर’ चिन्हासहित असतो, त्यामुळे केवळ प्रोसेसरचे नाव पाहून काही गृहीत धरणेही चुकीचे आहे. कच्च्या बाइटसाठी नेहमी चिन्हरहित प्रकारच स्पष्टपणे लिहावा.

काय सामायिक ठेवावे आणि काय नाही

चौथ्या वेळी आम्ही कोडच्या ओळी बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक फंक्शन कोणत्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनाने देते याची यादी केली. त्यातून दोन गट स्वच्छ वेगळे झाले.

शोधणे, मोजणे, बदलणे, दिलेल्या विभाजकावर तोडणे, सुरुवात किंवा शेवट जुळतो का ते पाहणे ही कामे करणारे फंक्शन एककाच्या अर्थाविषयी काहीच ठरवत नाही. काय शोधायचे ते वापरणारा देतो आणि फंक्शन फक्त समानता पाहते. यूटीएफ-८ ची रचनाही येथे साहाय्य करते: कोणत्याही चिन्हाचा पहिला बाइट दुसऱ्या चिन्हाच्या मधल्या बाइटसारखा नसतो, म्हणून योग्य यूटीएफ-८ मध्ये पूर्ण शब्द बाइट-बाइटने शोधला तरी तो भलत्या ठिकाणी, एखाद्या चिन्हाच्या मध्यावर सापडत नाही. सापडलेल्या जागेचा क्रमांक मात्र बाइटमध्ये येतो, कोडपॉइंटमध्ये नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या गटात व्हाइटस्पेस ओळखणे, ओळी तोडणे, अक्षर किंवा अंक ओळखणे आणि लहान-मोठ्या लिपीचे रूपांतर ही कामे येतात. यांतील प्रत्येक फंक्शनच्या आत एक निवाडा दडलेला असतो, आणि तो निवाडा प्रत्येक प्रकाराने स्वतः द्यायला हवा. ओळी तोडण्याच्या फंक्शनने १३३ ला ओळीचा शेवट मानले आणि ते बाइट्सवर चालले, तर ‘अ’ या अक्षराचा तिसरा बाइट १३३ असल्यामुळे ‘अ’ असलेली प्रत्येक ओळ तेथेच तुटेल. मोठ्या लिपीच्या रूपांतराची स्थिती याहून वाईट आहे. युनिकोडमध्ये २२४ क्रमांकाच्या लहान रोमन अक्षराचे मोठे रूप १९२ आहे, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असल्यामुळे टेक्स्टचा नियम बाइट्सला लावला की एकही चिन्ह शाबूत राहत नाही. १९२ हा बाइट योग्य यूटीएफ-८ मध्ये कधी येतच नाही. लहान लिपीच्या रूपांतरात मात्र देवनागरीचे बाइट सुखरूप राहतात, कारण ते बदलणाऱ्या पट्ट्यात बसत नाहीत. फक्त तेवढी एक चाचणी घेऊन कोणी निर्धास्त होऊ नये. माझ्या मते सगळा मजकूर उद्ध्वस्त करणारा दोष बरा, कारण तो पहिल्याच दिवशी पकडला जातो. एका अक्षरावर दबा धरून बसलेला दोष वर्षभर लोकांच्या बिलांत राहतो.

सीपायथॉनच्या, म्हणजे पायथॉनच्या सी भाषेत लिहिलेल्या मूळ इंटरप्रिटरच्या, कोडमध्ये हीच विभागणी पाहायला मिळते. तेथे ‘स्ट्रिंगलिब’ नावाच्या डिरेक्टरीत शोधणे, तोडणे, बदलणे यांचा कोड हेडर फाइलींच्या (इतर फाइलींत जशाच्या तशा आत घेता येणाऱ्या फाइलींच्या) रूपात एकदाच लिहिलेला आहे. २००६ च्या मे महिन्यात आइसलँडमधील रेक्याविक येथे वेग वाढवण्यासाठी भरलेल्या कार्यसत्रात या कामाला चालना मिळाली आणि त्याच वर्षीच्या पायथॉन २.५ मध्ये ते वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले. प्रत्येक प्रकाराची फाइल आधी काही मॅक्रो (कंपाइल होताना ठरलेल्या मजकुराने बदलली जाणारी नावे) ठरवते, मग तोच हेडर आत घेते, आणि कंपायलर त्या प्रकारासाठी वेगळी फंक्शन तयार करतो. बाइट्समधील अक्षर, अंक आणि स्पेस यांच्या चाचण्या मात्र वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि त्या केवळ आस्की चिन्हांचा, म्हणजे इंग्रजीची मूळ अक्षरे, अंक आणि खुणा यांचा, विचार करतात. या मांडणीचा लाभ पुढेही झाला. लांब मजकुरातील शोध काही विशिष्ट प्रसंगी फार मंद होत असे, तो पायथॉन ३.१० मध्ये नव्या पद्धतीने सुधारला, तेव्हा एका ठिकाणी केलेली सुधारणा बाइट्स आणि टेक्स्ट या दोघांनाही मिळाली.

प्रत्यक्ष दुरुस्ती

आम्ही सामायिक कोड एका हेडर फाइलमध्ये ठेवला आणि तो चार वेळा आत घेतला: एकदा बाइट्ससाठी आणि तीनदा टेक्स्टच्या तीन रुंदींसाठी. आत घेण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी सांगाव्या लागतात: एककाचा प्रकार कोणता, फंक्शनच्या नावाला उपसर्ग कोणता, नवी वस्तू कशी तयार करायची आणि व्हाइटस्पेसची चाचणी कोणती. शेवटची गोष्ट सांगितली नाही तर हेडर कंपाइलच होऊ नये, अशी अट त्याच्या पहिल्याच ओळीत घातली आहे. पूर्वी तेथे टेक्स्टचा नियम ‘काही सांगितले नाही तर’ म्हणून आपोआप लागू होत होता, आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्या एका सोयीत होते.

बाइट्सची चाचणी आता फक्त ६ किमती व्हाइटस्पेस मानते, ९ ते १३ आणि ३२. टेक्स्टची चाचणी युनिकोडचा व्हाइटस्पेस हा गुणधर्म असलेले २५ कोडपॉइंट मानते. जोडाक्षरांत वापरले जाणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह या २५ मध्ये नाही आणि ते कोणी हौसेने त्यात घालूही नये, कारण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ काही कीबोर्ड त्याच चिन्हाच्या मदतीने लिहितात.

आणखी एक बदल आवश्यक होता. टेक्स्टचे १ बाइटचे रूप आणि बाइट्स हे दोन्ही सी भाषेच्या दृष्टीने एकाच प्रकाराचे पॉइंटर असतात, त्यामुळे एकाचे फंक्शन दुसऱ्यासाठी बोलावले तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. आम्ही दोन्हींना वेगवेगळ्या स्ट्रक्चरमध्ये गुंडाळले. आता अशी अदलाबदल झाली तर कंपाइल करतानाच आक्षेप येतो.

प्रत्येक एककासाठी फंक्शन-पॉइंटरमधून चाचणी बोलावण्याचाही पर्याय होता आणि तो वाचायला सोपा आहे, परंतु शोधाच्या आतल्या लूपमध्ये त्याने वेग कमी होतो. चार वेळा कंपाइल केल्याने इंटरप्रिटरची फाइल थोडी फुगते आणि डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) चूक जेथे झाली ती जागा हेडरमधील ओळ म्हणून दिसते. ही किंमत आम्ही मान्य केली.

चाचणी

देवनागरीच्या विभागातील १२८ जागा एका लूपमध्ये घ्याव्यात, प्रत्येकीचे यूटीएफ-८ बाइट करावेत, त्यांवर बाइट्सचे स्ट्रिप चालवावे आणि लांबी ३ राहिली का ते पाहावे. आमच्या जुन्या कोडवर ही चाचणी ४ ठिकाणी पडली: ‘अ’, ‘ठ’, ‘मॅनेजर’मधील अर्धचंद्र आणि दीर्घ ‘ॠ’. ‘अ’ आणि अर्धचंद्र शब्दाच्या शेवटी क्वचितच येतात आणि ‘ॠ’ तर सहसा येतच नाही, म्हणून तक्रारी केवळ ‘ठ’च्या येत होत्या. व्हाइटस्पेसवर ओळ तोडणाऱ्या स्प्लिट या फंक्शनच्या बाबतीत मात्र ही अक्षरे शब्दात कोठेही असली तरी शब्द तुटत होता. ‘मिठाई’चे दोन तुकडे आम्हाला एका जुन्या फाइलमध्ये सापडले. ही चाचणी इंटेल आणि एआरएम अशा दोन्ही यंत्रांवर चालवावी. एकाच यंत्रावर ती हिरवी दिसली म्हणून काम संपले असे मानू नये.

लांबीच्या चाचण्या लिहिताना अपेक्षित आकडा कोणत्या एककातील आहे हेही लिहून ठेवावे. ‘कोल्हापूर’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २७ बाइटचा आहे, कोडपॉइंट ९ आहेत आणि आपण तो चार अक्षरांत उच्चारतो. बिलावरील रकाने सरळ येण्यासाठी यांतील पहिले दोन्ही आकडे कामाचे नाहीत, पण तो स्ट्रिपचा दोष नाही आणि त्याची दुरुस्ती छपाईच्या कोडमध्येच करावी लागते.

बिघडलेल्या जुन्या नोंदी

ज्या फाइलींत बाइट अजून कच्च्या रूपात आहेत त्या बहुतेक पूर्ववत करता येतात, कारण स्ट्रिप १६४ पाशी थांबत असल्यामुळे प्रत्येक ओळीतून नेमका एकच बाइट गेलेला असतो. ओळ २२४, १६४ या दोन बाइटवर संपत असेल तर पुढे १६० जोडावा. शेवटी ‘अ’ असलेला शब्द आमच्या नोंदींत एकही नव्हता, तरीही जोडण्यापूर्वी यादी डोळ्यांखालून घालावी. २२४, १६५ वर संपणाऱ्या ओळी वेगळ्या काढाव्यात, कारण तेथे गेलेला बाइट बहुधा १३३ असतो. ज्या नोंदींचे टेक्स्टमध्ये रूपांतर होऊन प्रश्नचिन्ह कायमचे साठवले गेले आहे, त्यांत हा पुरावाही उरत नाही. अशा नोंदी आम्ही छापून त्या त्या दुकानात दिल्या आणि दुकानदारांनी ग्राहकांच्या पेठा आठवून त्या हाताने भरून परत दिल्या.